मेंदूमृत्यू जाहीर कुणी करायचा आणि कुणासाठी?

डोक्याला जबर मार लागलेला माणूस आयसीयूत आहे. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, मेंदू गेला, आता आशा नाही. मग व्हेंटिलेटर काढणार का, असं विचारलं की तेच डॉक्टर गप्प होतात. ही टांगणी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी सोसली आहे. ती संपवणं सरकारच्या हातात आहे, म्हणून हे मुद्दे.

1. हा कायदा आपण मागून घेतला आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, म्हणून संसदेने 1994 साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला आणि मस्तिष्क-स्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. त्यामुळे अंमलबजावणी ढिली पडली तर दिल्लीकडे बोट दाखवण्याचा अधिकार निदान महाराष्ट्राला तरी नाही.

2. निर्णय कुणा एकाच्या मर्जीवर सोडलेला नाही, आणि तो तसा सोडूही नये. चार डॉक्टर लागतात: रुग्णालयाचे प्रमुख, उपचार करणारे डॉक्टर, एक स्वतंत्र तज्ज्ञ आणि एक न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन. यातले शेवटचे दोघे शासनमान्य यादीतलेच हवेत. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कुणीही या मंडळात चालत नाही. तपासण्या दोनदा, किमान सहा तासांच्या अंतराने होतात. बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, घशात नळी हलवली तर ठसका येतो का, आणि शेवटी, ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटरचा श्वास थांबवला आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू दिला तर शरीर स्वतःहून एक तरी श्वास घेतं का, हे पाहिलं जातं. ब्रिटनमध्ये दोन अनुभवी डॉक्टर पुरतात. आपल्याकडे किडनीचा बाजार भरलेला लोकांनी पाहिला आहे, म्हणून चार. हा आकडा कमी करा असं कुणी म्हणत असेल, तर त्याला विरोधच केला पाहिजे.

3. पण “आमच्याकडे न्यूरोसर्जन नाही” ही सबब आता चालणार नाही. 2011 च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली आहे: मेंदूचा तज्ज्ञ नसेल तिथे स्वतंत्र सर्जन किंवा फिजिशियन आणि त्याच्या जोडीला भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालतो. भूलतज्ज्ञाशिवाय ऑपरेशन थिएटर चालतं का? मग जिथे मोठ्या शस्त्रक्रिया होतात तिथे ही तपासणी का होऊ नये? यादीत नावं घालायला इमारत लागत नाही की यंत्रं लागत नाहीत. जिल्ह्याची यादी अपुरी असेल तर तो दोष डॉक्टरांच्या टंचाईचा नाही, कार्यालयाच्या आळसाचा आहे.

4. खरी मेख पुढे आहे. ही सगळी व्यवस्था अवयवदानाच्या कायद्यात बसवलेली आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा मृत्यूची व्याख्या करताना मेंदूचं नावही घेत नाही. नातेवाइकांनी दानाला होकार दिला तर त्याच रुग्णाचं शरीर मृत ठरतं, अवयव काढले जातात, दाखला मिळतो. नकार दिला तर मात्र डॉक्टरांना व्हेंटिलेटर काढण्याची धास्ती वाटते, आणि हृदय बंद पडेपर्यंत सगळे वाट पाहत बसतात. मृत्यू झाला की नाही हे नातेवाइकांच्या होकारावर ठरावं, हे कुठलं शास्त्र? 2023 साली नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, डिजिटल दाखल्यांची सोय झाली. मृत्यूची व्याख्या होती तशीच राहिली. ती संधी संसदेने घालवली.

5. या घोळाची किंमत कोण मोजतं? दिवसागणिक वाढणारं बिल भरायला शेत गहाण टाकणारं कुटुंब मोजतं. सरकारी आयसीयूच्या दाराशी स्ट्रेचरवर थांबलेला, ज्याला वाचवता आलं असतं असा रुग्णही मोजतो.

6. आणि अवयवदानाचंही यात नुकसानच आहे. एरवी ही तपासणी कुणी करतच नाही, दानाची शक्यता दिसली की मगच चार डॉक्टर जमतात. मग दुःखात बुडालेल्या आईबापांच्या मनात शंका येणारच: आमचा मुलगा खरंच गेला, की अवयवांसाठी गेला म्हणतात? या शंकेला अडाणीपणा म्हणू नका. ती आपल्या कार्यपद्धतीने जन्माला घातली आहे. केरळ सरकारने 2020 साली मेंदूमृत्यूच्या निदानाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. दान होवो न होवो, मेंदूमृत्यू हा मृत्यूच, ही त्यामागची भूमिका. महाराष्ट्राने तसा आदेश काढावा. प्रत्येक आयसीयूला संशयित मेंदूमृत्यूची तपासणी आणि तिची नोंद बंधनकारक करावी, आणि तपासणी झाली नसेल तर का झाली नाही हे रुग्णालय प्रमुखांनी सहीनिशी लिहावं. तुमच्या आमदाराला विचारा: आपल्या जिल्ह्याच्या यादीत आज किती डॉक्टर आहेत, आणि त्यांना गेल्या वर्षी किती वेळा बोलावलं गेलं?