दारावरून धावणारी आगगाडी

विजेवर चालणारी छोटी आगगाडी घरात आली की ती आधी दिवाणखान्याची जमीन अडवते. केर काढताना रूळ उचला, पाहुणे आले की पुन्हा उचला! गाडी चिरंजीवांची असो वा यजमानांची (बहुधा यजमानांचीच निघते), उचलणं आपल्याकडे. त्यापेक्षा दारांच्या वरून, साडेसात फुटांवर भिंतीलगत फळी फिरवून घ्यावी. ती काचेची केली तर खालून चाकं फिरताना दिसतात. लाकडी फळीवर गाडी अर्धी लपते.

पण मैत्रिणींनो, ही काच डोक्यावर जायची आहे. साधी काच कितीही जाड असली तरी नको. फुटली तर तिचे सुऱ्यांसारखे तुकडे होतात. टफन्ड काच फुटलीच तर बारीक, बोथट तुकडे होतात. फळी पलंगावरून किंवा पाळण्यावरून जाणार असेल तर मात्र लॅमिनेटेड टफन्डच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. तिच्या दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्याला तुकडे चिकटून राहतात. टफन्ड केल्यावर काच कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, तेव्हा मापं आधीच नक्की हवीत.

खरी मेख कोपऱ्यात आहे. एच-ओ मापाची गाडी, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची, १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालते. तिला वळायला निदान १५ ते १८ इंच त्रिज्या लागते. लांब डबा वळणावर मधोमध आतल्या बाजूला बाहेर डोकावतो. म्हणून कोपऱ्याचा पुठ्ठ्याचा फर्मा कापा, जमिनीवर ठेवून त्यावर सर्वांत लांब डबा फिरवून बघा आणि तोच फर्मा काचवाल्याला द्या.

दहा मिलिमीटर जाडीची, चार फूट लांब, सहा इंच रुंद पट्टी साडेचार किलोहून थोडी जास्तच भरते. दर दीड फुटाला ब्रॅकेट हवा, आणि काच व लोखंड यांच्यामध्ये रबर. प्लग नुसत्या गिलाव्यात नको, विटेत पक्का बसला पाहिजे. स्विचबोर्डाच्या सरळ वर ड्रिल चालवू देऊ नका. भिंतीतल्या तारा बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. बाहेरच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी हवीच. इंजिन वरून पडलं तर इंजिनाचं जे होईल ते होईल, खाली कुणाचं डोकं असेल!

रुळांखाली फोमची पातळ पट्टी घातली की खडखड कमी होते. ट्रान्सफॉर्मर खाली प्लगजवळच राहू द्या. वर फक्त बारा व्होल्टच्या बारीक तारा जातील. फेरी मोठी असेल तर त्या दोन-तीन ठिकाणी जोडा, नाहीतर लांबच्या टोकाला गाडी रेंगाळते.

आता धूळ. काचेवर ती खालूनही दिसते, आणि रुळांवर साचली की गाडी अडखळते. महिन्यातून दोनदा स्टुलावर कोण चढणार, हे ब्रॅकेट ठोकण्याआधीच यजमानांकडून वदवून घ्या. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्याने पुसावेत, पाण्याने नव्हे. आणि हो, पुसताना गाडीचं बटण बंद, पंखाही बंद.