स्वस्त गोळी म्हणजे हलकी गोळी नव्हे



ऊस विभागाचा माणूस औषधावर कसा काय लिहितो, असे कोणी म्हणेल. पण मध्यंतरी मोहन्याला बहिणीकडे जाणे झाले. तिथला रेयॉनचा कारखाना 2009 साली बंद पडला, तेव्हापासून आमचे दाजी घरीच. आता रक्तदाब आणि साखर, दोन्ही मागे लागले आहेत. “दाजी, गोळ्या रोज घेता ना?” म्हटले, तर म्हणाले, “एक दिवसाआड घेतो. पेन्शनीत तेवढेच भागते.” अशी घरे आपल्या कार्यक्षेत्रातही आहेत.

अमेरिकेतली म्हातारी माणसे स्वस्त औषधासाठी शेजारच्या कॅनडात जात. तिकडून औषध आणू द्यावे की नाही, यावर तिथे कित्येक वर्षे वाद झाला. 2024 च्या जानेवारीत फ्लोरिडा राज्याला तशी परवानगी मिळाली. आपले उलटे आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने आपल्या कंपन्यांना तेच औषध वेगळ्या पद्धतीने, स्वस्तात करता आले. 2005 साली कायदा बदलला, तरी आज आपण जगाला औषधे पुरवतो. मग आपल्याच म्हाताऱ्यांना गोळी महाग का? कारण चिठ्ठीवर औषधाचे नव्हे, कंपनीच्या छापाचे नाव असते.

युरियाच्या पोत्यावर छाप कोणाचाही असो, आत नत्र 46 टक्केच. गोळीचेही तसेच. मूळ नावाची, म्हणजे जेनेरिक गोळी जनऔषधी केंद्रात पुष्कळदा निम्म्याहून कमी भावात मिळते. ही केंद्रे 2008 पासून आहेत.

डॉक्टर मंडळी विचारतात, दर्जाची खात्री काय? शंका रास्त आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये मूळ नावानेच चिठ्ठी लिहिण्याचा नियम निघाला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. पण बोगस खत निघते म्हणून आपण खत घालायचे सोडतो का? पावती घेतो, नमुना तपासायला देतो. औषधाचीही तपासणी कडक करा, हे म्हणणे बरोबर; स्वस्त औषधच नको, हे बरोबर नाही.

2023 साली केंद्र सरकारने गावच्या विकास सोसायट्यांनाही जनऔषधी केंद्र चालवण्यास मुभा दिली. सोसायटीतून खत उचलतो, मग गोळी का नको? आपापल्या सोसायटीच्या सभेत हा विषय जरूर मांडावा. तोवर चिठ्ठीवर मूळ नाव लिहा, असे डॉक्टरांना सांगावे. त्यांना विचारल्यावाचून गोळी बदलू नये, आणि पैशापायी चुकवू तर मुळीच नये.

— ऊस विकास अधिकारी