कारकुनी म्हणे!

'कारकुनी' हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांशी माझं जुनं वैर आहे. गेल्या दिवाळीत त्यांत भाच्याच्या एका मित्राची भर पडली.

भाचा पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. नक्की काय, हे ताईलाही सांगता येत नाही; कुणी विचारलं की ती 'सॉफ्टवेअर' म्हणते आणि विषय फराळाकडे नेते. सध्या तो फावल्या वेळात, एक पैसा न घेता, डेबियनसाठी पॅकेज बांधतोय. डेबियन ही लिनक्सची जुनी पेढी. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी ती काढली आणि प्रेयसी डेब्राचं नाव स्वतःच्या नावाआधी जोडून तिचं बारसं केलं. (आमच्याकडे हा प्रकार बंगल्याच्या पाटीपुढे जात नाही.)

पॅकेज कसलं, तर पायटेस्ट नावाच्या प्रोग्रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमला लावायचा एक जोड. मूळ कोड जेमतेम दोनशे ओळींचा; पण भोवतीचे कागद पाहून मला तर आपल्याच शाखेत आल्यासारखं वाटलं! आधी 'हे पॅकेज करण्याचा माझा मानस आहे' असा जाहीर अर्ज. मग बदलांची नोंदवही, प्रत्येक फाइलीचा मालक नि परवाना यांचा तक्ता. बांधणी चालू असताना इंटरनेटला हात लावायचा नाही. लिंटियन नावाचा प्रोग्रॅम चुका काढतो, अगदी आमच्या ऑडिटरसारखा, फक्त चहा मागत नाही. भाच्याला स्वतः माल चढवायचा अधिकार नाही, म्हणून अधिकारवाला पुरस्कर्ता शोधायचा. एवढं झालं की नवं पॅकेज रांगेत बसतं आणि तिथे माणसं परवाने वाचतात. चक्क वाचतात!

"मामा, पिप इन्स्टॉल केलं की दहा सेकंदांत काम," मित्र चकली मोडत म्हणाला. "ही नुसती कारकुनी."

आता मला सांगा, हा जोड एकदा मशीनवर बसला की, मुद्दाम 'नको' म्हटल्याशिवाय, पायटेस्ट त्याला आपणहून प्रत्येक तपासणीत सोबत घेतं. म्हणजे हा तपासनिसाच्या कानाशी बसणारा माणूस. त्याचीच चौकशी नको?

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थांचा चेक मी सही न ताडता पास केला होता. सही त्यांच्या मुलानं केलेली. त्यांनी तक्रार केली नाही. पण पुढे वर्षभर माझी खिडकी मोकळी असली तरी ते शेजारच्या रांगेत उभे राहत. मेमो परवडला असता.

मित्राला हे सांगितलं नाही. त्याला मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण ऐकवलं. एका इसमानं दोनेक वर्षं निमूट काम करून विश्वास कमावला आणि मग चोरदरवाजा बसवला. माल कुठे दडवला? चाचणीच्या फाइलींत! तिथे कोण बघतो?

"पण मामा, तो डेबियनमध्ये शिरलाच ना, एवढी कारकुनी असून?"

पोरगं हुशार. शिरला होता खरा. पण अस्थिर आणि चाचणीच्या शाखांत. स्थिर आवृत्तीपर्यंत पोचला नाही. माल थेट दुकानात न मांडता कोठारात मुरत ठेवतात, तो याचसाठी. आणि पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरनं, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून. अर्धा सेकंद! कॅशमध्ये दहा रुपये कमी निघाले म्हणून रात्री आठपर्यंत शाखेत बसणाऱ्या आम्हा लोकांना हा माणूस जवळचा वाटणार नाही तर कोण?

मित्र गप्प झाला. पटलं म्हणून की चकली कडक होती म्हणून, ते कळलं नाही. तेवढ्यात भाच्याचा मोबाइल वाजला. पॅकेज परत आलं होतं: चाचणीच्या एका फाइलीचा मालक तक्त्यात नोंदलेलाच नाही.

"एकच फाइल हो मामा," भाचा कळवळून म्हणाला.

मी चष्मा पुसला. "आण इकडे तो तक्ता," म्हटलं, "पहिल्या ओळीपासून वाच."