हेराल्डचा टप

आमच्या झरी जामणीच्या घरामागे, कापूस ठेवायच्या शेडात, वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड बावीस वर्षं उभी होती. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, उंदरांनी गादीतला काथ्या पळवला. यंदा पुतण्याचं लग्न ठरलं आणि गाडीचे ग्रह फिरले. "काकाजी, टप कापून टाकू ना! खुल्ल्या गाडीतून वरात काढू," तो म्हणाला. पांढरकवड्याच्या मिस्तरीनं तर कापायचा खर्चही सांगून टाकला.

मी नको म्हटलं. आता त्यामागचा विचार वाचकांपुढे ठेवतो.

ही मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. इटलीच्या मिकेलोत्तीनं रेखलेली, १९५९ साली बाजारात आलेली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीनं १९६१ पासून ती इथं बनवली. कंपनीला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेल्यामुळे इंजिनियरांनी वेगळी चासी केली आणि वरचे भाग नटबोल्टांनी जोडले. अडचणीतून निघालेली ही युक्ती! तिचा टपसुद्धा बोल्टांवर बसलेला. कंपनीनं उघडी हेराल्डही विकली. म्हणजे जो पान्यानं सुटतो, त्याला कटर लावायचा? ॲम्बॅसडरला वेगळी चासी नसते. तिथं टप कापणं म्हणजे गाडीचा कणाच मोडणं.

शिवाय कायदा आहे. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पाटीवर 'व्हीए' अक्षरं. पण गाडी मूळ रूपात हवी आणि रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरती. वरात त्या यादीत नाही! हे नियम मला जाचक वाटत नाहीत. हौस म्हणून कापलेल्या गाड्या पुढे भंगारातच जातात, हे मी पाहिलंय.

मग काहीच बदलू नये का? बदलावं, पण जिवाला जपणारं. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं, पाणी ओढून टाकी गंजवतं. म्हणून पेट्रोलच्या नळ्या नव्या घातल्या, ब्रेकची रबरं बदलली, सगळं वायरिंग नव्यानं ओढलं. बाहेरून काही दिसत नाही. पुतण्याला ते पैसे वाया गेल्यासारखे वाटले.

खरं कारण मात्र मी त्याला सांगितलं नव्हतं. टपाच्या आतलं कापड फाटलं तेव्हा आईनं लुगड्याचा तुकडा लावून टाके घातले होते. ते अजून आहेत.

शेवटी वरात भाड्याच्या जीपमधून निघाली. पण त्याचा हिरमोड मला बघवेना. लग्न लागून सगळे घरी आल्यावर बोल्ट काढले, चौघांनी टप उचलून पडवीत उलटा ठेवला. नवरानवरी अंगणातच उघड्या गाडीत बसली. फोटो झाले, पोरांनी भोंगा वाजवून कान किटवले.

संध्याकाळी पुतण्या पडवीत उकिडवा बसून टपात पाहत होता.

"काकाजी, हे लुगडं कोणाचं?"

"तुह्या आजीचं."

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आधी पाना घेऊन हजर. काचेभोवतीची रबरी पट्टी तेवढी नागपूरहून यायची आहे. पावसाआधी आली म्हणजे बरं.