गब्बर बदलला तेव्हा

आवडत्या दिग्दर्शकाच्या येणाऱ्या सिनेमातला नट बदलला, की ट्रेलर येण्याआधीच आपण निकाल देऊन मोकळे होतो. ‘शोले’ या आपल्या देशी वेस्टर्नमध्ये गब्बर डॅनी करणार होता. ‘धर्मात्मा’च्या तारखा आड आल्या आणि भूमिका अमजद खान या नवख्या नटाकडे गेली. त्याच्या आवाजावर शंका घेतली गेली. रमेश सिप्पींनी मात्र त्यालाच ठेवलं. १५ ऑगस्ट १९७५ ला सिनेमा आला आणि पुढे त्याच आवाजातले संवाद घरोघरी पाठ झाले. २०२२ च्या ‘झुंड’मध्ये नागराज मंजुळेंनी आमच्या नागपूरच्या वस्तीतली पोरं थेट अमिताभसमोर उभी केली.

मी इंजिनिअर आहे, नोकरीसाठी मुलाखती घेतो. तिथेही बायोडेटावरचं नाव आणि मोहल्ला वाचूनच काहींचा निकाल ठरतो. आधी काम तर बघा!