पदके आणि सराव

जून २०२३ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या स्पेशल ऑलिंपिक्सच्या जागतिक स्पर्धांत भारतीय चमूने २०२ पदके मिळविली. त्यांपैकी ७६ सुवर्णपदके होती. बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग असलेल्या या खेळाडूंचे कौतुक झाले, ते यथोचितच होय. परंतु अशा क्रीडाकार्यक्रमांना साहाय्य देताना पदकसंख्या हाच निकष मानला, तर त्यांचा मूळ हेतूच दृष्टिआड होईल.

युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने १९६८ साली शिकागो येथे या स्पर्धांचा आरंभ झाला. वय, लिंग व क्षमता पाहून येथे गट पाडले जातात आणि प्रत्येकाची गाठ बरोबरीच्यांशीच पडते. संथ धावणारासही त्याच्या गटात सुवर्णपदक मिळू शकते. म्हणजे हे पदक राष्ट्राच्या क्रीडासामर्थ्याचे माप नसून त्या व्यक्तीच्या नियमित सरावाचे फळ आहे. साहजिकच साहाय्याची निकड सत्कारापेक्षा सरावाला अधिक आहे.

हा सराव तुटतो कोठे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयोगटापुरता दिला आहे. शाळा सुटली की पुष्कळांचे मैदानही सुटते. पुढे मुलाला मैदानावर न्यायचे, तर आईला किंवा वडिलांना मजुरी बुडवावी लागते. प्रशिक्षण विनामूल्य असले, तरी त्याची किंमत कुटुंब अशा रीतीने मोजतच असते.

उपचार आणि रोजगार यांची विवंचना असताना खेळांवर खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तथापि वेळेवर येणे, नियम पाळणे, सहकाऱ्याशी जुळवून घेणे ही मैदानावरची शिस्त कर्मशाळेतही उपयोगी पडते. शिवाय खेळण्याचा आनंद हा इतरांचा हक्क आणि यांची मात्र चैन, असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

खर्चही आवाक्याबाहेरचा नाही. शाळा-महाविद्यालयांची मैदाने आहेतच. प्रश्न आहे तो आवर्ती खर्चाचा : प्रशिक्षकाचे मानधन आणि खेळाडू व पालक यांचा प्रवासखर्च. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावा, असा दंडक आहे. त्यातून ही तरतूद व्हावी. दिव्यांग आणि इतर खेळाडू यांचा मिश्र संघ उतरविण्याची पद्धत स्पेशल ऑलिंपिक्समध्ये रूढ आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी अशा संघांत उपकारकर्ते म्हणून नव्हे, तर सहखेळाडू म्हणून उतरावे.

पदकविजेत्यांच्या पारितोषिकांसाठी पैसा अवश्य असावा. परंतु जो कधीच बर्लिनला जाणार नाही, त्याच्या आठवड्याच्या सरावासाठीही अंदाजपत्रकात एक ओळ असली पाहिजे.