जपानला जायचंय? मग वही घेऊन एसटी स्टँडवर बसा

परवा संध्याकाळी वडाळे तलावाच्या काठी फेरी मारत होते. आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी गाठलंच. "बाई, आमचा नातू म्हणतो जपानला जाणार, तिथल्या कार्टून कंपनीत चित्रं काढणार. तुमचा एक विद्यार्थी आहे ना तिकडे? जरा समजावा की त्याला!"

आहे खरा. पनवेलला मी मराठी शाळेत शिकवायचे तेव्हा सातवीला तो माझ्या वर्गात होता. वहीची मागची पानं चित्रांनी भरलेली. एकदा इतिहासाच्या तासाला त्यानं माझंच चित्र काढलं, पदर खोचून फळ्यावर लिहिणारी बाई. मी ते पान सगळ्या वर्गासमोर टरकावलं आणि विचारलं, "चित्रं काढून पोट भरतं का रे?" आज तो टोकियोतल्या एका स्टुडिओत संगणकावर चित्रं काढूनच पोट भरतो. माझं ते वाक्य मला अजून टोचतं. त्यामुळे वहिनींच्या नातवाला "हा नाद सोड" असं सांगायला माझी जीभ रेटेना.

पण तिथे सगळं गोडच आहे असंही नाही. हा मुलगा सुट्टीवर आला की भेटायला येतो, तेव्हा कळतं. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. जपानी लोक बरेचदा तीन चौकटींना एक चित्र वापरतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. हालचालीतली मुख्य चित्रं ती 'गेंगा', आणि त्यांच्या मधली जागा भरणारी ती 'दोगा'. नवख्याच्या वाट्याला दोगा येतात आणि पैसे चित्रागणिक मिळतात. एका चित्राचे साधारण दोनशे येन, म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये. टोकियोतलं घरभाडं त्यात कसं भागायचं? शिवाय अशी बरीच चित्रं आता चीन, कोरिया, व्हिएतनामकडून काढून घेतात. आमचा मुलगा त्रिमितीय कामात शिरला, तिथे निदान महिन्याचा पगार आहे. रात्री उशिरापर्यंत थांबणं मात्र चुकत नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते भाषेनं. मुलाखत जपानीत, बैठका जपानीत. दिग्दर्शक चित्रावर दुरुस्ती लिहून पाठवतो तीही जपानीत, आणि वर त्याच्या हस्ताक्षरात! यानं आधी पुण्याला राहून जपानी परीक्षांच्या पाच पायऱ्यांमधली वरून दुसरी, एन-टू, पार केली. म्हणाला, "बाई, इथे मी इंग्रजीच्या भीतीनं कोपऱ्यात बसायचो. तिथे माझ्या इंग्रजीची कुणी चौकशीसुद्धा केली नाही." जगभर पाहिली जाणारी चित्रं ही माणसं आपल्या भाषेत बसून काढतात, आणि बाहेरचे येऊन ती भाषा शिकतात. मराठी शाळा ओस पडताना पाहणाऱ्या माझ्यासारखीला याचा हेवा वाटणारच.

मग परक्या माणसाचं तिथे काम काय? मला युगो साको यांचं रामायण आठवतं. जपानी दिग्दर्शक, आणि सोबत आपल्या मुंबईत काम करणारे राम मोहन. चित्रपट पुरा झाला १९९२ साली. आपल्याकडे चित्रपटगृहांत नव्यानं लागला तो २०२५च्या जानेवारीत. चित्रं मुख्यतः जपानी कलाकारांनी काढली, पण इथले कपडे, चालीरीती, माणसांचं वागणं आपल्या कलाकारांनी त्यांना समजावून दिलं. रेषा त्यांच्याकडे होती, पण घरातली माहिती आपल्याकडेच होती ना?

आमच्या मुलाचाही अनुभव तसाच. एका दृश्यात साडी नेसलेली बाई घाईत चालायची होती. पदर कसा सावरतात, कमरेला कसा खोचतात, हे कुणाला जमेना. यानं खुर्चीवरून उठून सगळ्यांना करून दाखवलं. मला सांगताना हसत होता, "तुमचाच पदर आठवला बाई." फाडलेल्या पानाबद्दल मी त्याची माफी मागितली ती त्याच दिवशी. पस्तीस वर्षं शिकवलं, विद्यार्थ्याची माफी मागण्याची ती पहिलीच वेळ.

माझं मत असं झालंय, की परदेशी चित्रकाराला दोन गोष्टी लागतात. ज्या घरी जायचं त्या घरची भाषा, आणि आपल्या घरचं नीट पाहिलेलं काहीतरी. नुसती त्यांच्यासारखी मोठ्या डोळ्यांची चित्रं गिरवून काय उपयोग? तशी काढणारे त्यांच्याकडे ढिगानं आहेत.

वहिनींना सांगितलं, आधी पदवी पुरी करू दे. नोकरीच्या व्हिसासाठी सहसा पदवी नाहीतर बऱ्याच वर्षांचा अनुभव मागतात, चार महिन्यांच्या क्लासचं प्रमाणपत्र पुरत नाही. जपानी आजच सुरू करू दे. आणि रोज तासभर पनवेलच्या एसटी स्टँडवर वही घेऊन बसू दे. बोचकं डोक्यावर घेऊन म्हातारी गाडीत कशी चढते, कंडक्टर कसा ओणवा होतो, ते काढू दे.

असो. वहिनींना पटलं की नाही, कोण जाणे. निघताना एवढंच म्हटलं, "त्याच्या वहीची पानं मात्र फाडू नका हो."